माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी रात्री तू पुढे केलेला साखरपाण्याचा पेला मी ढकलून दिला आणि ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणून तुझ्यावर ओरडलो, हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या आईकडून कळले. मला स्वतःला घामाने भिजलेला सदरा आणि फरशीवर पसरलेल्या काचा एवढेच आठवते. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ग्लुकोमीटरवर, तेव्हा 48 आकडा होता. साखर 70 च्या खाली गेली की ती उतरली असे मानतात आणि 54 च्या खाली गेली की प्रकरण गंभीर होते. मेंदू जवळजवळ सर्वस्वी रक्तातल्या साखरेवर चालत असल्यामुळे ती इतकी घसरली की माणूस चिडतो, हट्टाला पेटतो आणि आपल्याला काही होत आहे हेच त्याला उमजत नाही. म्हणून अशा वेळी माझ्या बोलण्यावर विश्वास न ठेवता यंत्रातल्या आकड्यावर ठेवावास, आणि यंत्र हाताशी नसेल तर आधी साखर द्यावीस.

जेवण वेळेवर झाले होते, इन्सुलीनही नेहमीइतकेच घेतले होते, मग असे झाले कसे, हा तुझा प्रश्न रास्त होता. बेंबीच्या उजवीकडे, एकाच जागी, वर्षानुवर्षे सुई टोचल्याने तिथे चरबीची मऊ गाठ तयार झाली आहे. तिथे टोचलेले दुखत नाही, म्हणून ती जागा मला सोयीची वाटे. आळशी माणसाची हुशारी, दुसरे काय! अशा गाठीतून इन्सुलीन रक्तात हळू आणि अनियमितपणे उतरते, त्यामुळे माझी मात्रा हळूहळू वाढत गेली होती. रविवारी मी पहिल्यांदाच डावीकडे, निरोगी त्वचेत, तीच वाढलेली मात्रा टोचली आणि ती पूर्ण लागू पडली. त्यातच दुपारभर माळा आवरण्याचे श्रम झाले होते. डॉक्टरांनी आता मात्रा कमी केली असून दर वेळी जागा बोटभर सरकवण्यास बजावले आहे.

साखरपाणी देण्याचा तुझा निर्णय अगदी योग्य होता. तीन चमचे साखर किंवा तितकीच ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा 70 च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि तो वर आल्यावर पोळी किंवा दूध-बिस्किटे द्यावीत. नंतर तू पेढा पुढे केलास. तो मला कितीही प्रिय असला तरी त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, तेव्हा या कामी तो उपयोगाचा नाही. मी शुद्धीवर नसेन तर मात्र तोंडात काहीही घालू नकोस. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मला कुशीवर वळवून 108 ला फोन कर.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असावी. रक्तदाबासाठी मी घेतो त्या बीटा-ब्लॉकर गोळीमुळे छातीतली धडधड आणि हातांची थरथर झाकली जाऊ शकते, घाम मात्र झाकला जात नाही. त्यामुळे पंखा चालू असताना माझे कपाळ ओले दिसले, तर कारण विचारत बसू नकोस.

ग्लुकोजचा डबा फ्रिजवर ठेवला आहे. पुढच्या वेळी मी ओरडलो तर खुशाल ओरडू दे. पेला मात्र स्टीलचा घे.

तुझे,
बाबा