नव्या इंजिनाला ताशी ४० कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या वाहनांच्या पानावर नवी मोटारसायकल घेणाऱ्यांसाठी सूचना छापून आल्या. त्यातली पहिलीच, जाड ठशातली: पहिले १००० किलोमीटर गाडी ताशी ४०च्या वर नेऊ नका. बाकीच्या सूचना चांगल्या आहेत, पण या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. बत्तीस वर्षे मी सिलिंडर बोअर करण्याचे, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक आतून कोरण्याचे काम करतो. गाडी वर्षभर कशी चालवली, हे मालकाने सांगण्याआधी बोअरमध्ये बोट फिरवल्यावर मला बरेचसे कळलेले असते.

गेल्या महिन्यात एक सिलिंडर आला. गाडी जेमतेम ७००० किलोमीटर चाललेली, मागून निळा धूर, ऑईलची पातळी सारखी खाली जाणारी. मालक तरुण, घरातली पहिलीच नवी गाडी. त्याने दोन महिने काटा ४०वर धरून ठेवला होता, तोही शेवटच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनला त्रास नको. वर रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून दहा मिनिटे चालू ठेवायचा. “काका, मी तर जपूनच चालवली,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरेच होते. बोअरला एक ओरखडा नव्हता. पण भिंत आरशासारखी चकचकीत, किंचित पिवळसर झाली होती. होनिंगच्या, म्हणजे दगड फिरवून भिंतीवर पाडलेल्या रेघा जळलेल्या ऑईलच्या थराखाली बुजून गेल्या होत्या. पिस्टनभोवतीच्या रिंगा कधी बसल्याच नव्हत्या.

हे कसे होते ते वाचकांना कळायला हवे. नव्या बोअरची भिंत गुळगुळीत नसते, मुद्दाम ठेवलेली नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. खोलगट भागात ऑईल टिकते आणि उंचवटे अगदी बारीक कानशीचे काम करतात. रिंगेची कड आणि भिंत एकमेकींना घासून जुळतात, तेव्हा ‘रिंग बसली’ म्हणायचे. पण रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला हलकीच टेकते. तिला खरा रेटतो तो पेटलेल्या पेट्रोलचा वायू. तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला बाहेर दाबतो. ॲक्सिलरेटरची मूठ जेमतेम उघडून गाडी रांगवली, तर हा दाब पुरेसा येतच नाही. उंचवटे झिजायच्या आधीच त्यांच्यावर ऑईल जळून वार्निशासारखे चढते आणि मग कानस बोथट झाली ती झालीच. तिथून पुढे गाडी कशीही चालवा, ऑईल वर येत राहते आणि दाब खाली निसटत राहतो.

स्टँडवरच्या दहा मिनिटांचेही तेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला उभ्या जागी वारा मिळत नाही. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल जास्त जाते आणि भिंतीवरचे ऑईल धुऊन नेते. सुरू करावी, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि निघावे. पहिले काही किलोमीटर सौम्य, म्हणजे ऑईल आणि पिस्टन दोन्ही गरम होतात.

याच्या उलट सांगणारेही आता पुष्कळ भेटतात: नव्या गाड्यांना हे काही लागत नाही, पहिल्या दिवसापासून मूठ पिळा. तेही मला पटत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. पिस्टन आणि बोअर यांच्यातली जागा असते काही शतांश मिलिमीटरची, केसाच्या जाडीहूनही कमी. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते तेव्हा पिस्टन त्याच मिनिटात ८००० वेळा थांबून उलटा फिरतो. नव्या इंजिनात घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. ते गरम व्हायच्या आधीच पिळले किंवा पूर्ण मूठ उघडून बराच वेळ धरले, तर पिस्टन भिंतीला पकडतो. माझी पहिली टू-स्ट्रोक गाडी मीही पकडवली होती, पण पिळून नव्हे. लांब उतारावर मूठ बंद करून ती गिअरमध्ये सोडली होती. तिचे ऑईल पेट्रोलमधूनच यायचे, मूठ बंद म्हणजे ऑईलही बंद; फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळे फिरते, तिथे हा धोका नाही. मागचे चाक एकदम अडकले ते मी आजही विसरलेलो नाही.

यंत्रकाम आता पूर्वीपेक्षा फार अचूक झाले आहे, हे मान्य. बऱ्याच गाड्यांत सिलिंडरच्या आतल्या लोखंडी अस्तराच्या, म्हणजे लायनरच्या जागी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. माले या जर्मन कंपनीने तो १९६७ मध्ये वाँकेल इंजिनासाठी, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेल्या इंजिनासाठी आणला. तो इतका कठीण की झिजायची ती मुख्यतः रिंगच झिजते. पण रिंग तिथेही बसावीच लागते, आणि गिअरचे दात, क्लच, चेन, ब्रेकचे पॅड हे सगळे नवेच असतात.

मग चालवायची कशी? इंजिनला वेग कळत नाही. त्याला कळतात फेरे आणि ओझे. ४०चा वेग दुसऱ्या गिअरमध्ये वेगळा आणि शेवटच्या गिअरमध्ये धडधडत ओढताना वेगळा. म्हणून गिअर खाली ठेवावा, इंजिन मोकळे फिरू द्यावे. मूठ अर्ध्यापर्यंत उघडून गाडी थोडी वर न्यावी, मग मूठ सोडून इंजिनच्याच जोरावर वेग उतरू द्यावा, पुन्हा वर न्यावी. मूठ सोडली की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ऑईल रिंगांपर्यंत येते आणि त्यांना विसावाही मिळतो. एकाच वेगाने तासभर जाणे टाळावे. मागे दुसरे माणूस बसवून चढ चढू नये. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पुस्तिकांत वेगापेक्षा मूठ किंवा फेऱ्यांचीच मर्यादा दिलेली असते, कुठे ८०० किलोमीटरपर्यंत अर्धी, पुढे १६००पर्यंत पाऊण, कुठे ५०० आणि १०००. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले ते पान वाचावे, दुकानातल्या माणसाचे तोंडी ऐकून सोडून देऊ नये.

आणि पहिले ऑईल. ते पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बदलायचेच, रंग चांगला दिसतो म्हणून लांबवायचे नाही. ते काढताना जमले तर जवळ उभे राहा, चिमूटभर बोटांवर चोळून उन्हात धरा. त्यात धातूची चमक दिसेल, खाली चुंबक फिरवला तर काळी लव चिकटेल. रिंगांनी, गिअरच्या दातांनी पहिल्या दिवसांत सोडलेला हा कीस आहे, आणि ऑईल काढले नाही तर तोच पुन्हा पुन्हा इंजिनभर फिरतो.

त्या तरुणाच्या सिलिंडरला मी पुन्हा दगड फिरवला, नव्या रिंगा बसवल्या. चूक त्याची नव्हती. त्याला जे सांगितले गेले ते त्याने इमानाने पाळले. आपले वृत्तपत्र घराघरांत वाचले जाते, म्हणून विनंती करतो, पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच जाड ठशात ‘ताशी ४०’च्या ऐवजी हे छापावे: अर्ध्याहून जास्त मूठ नको, वरच्या गिअरमध्ये धडधडत ओढू नका, एकाच वेगात राहू नका.

आपला,
एक बोअरिंग कारागीर