सिस्टीम कॉलचे पाढे कशाला?

मा. संपादक,

आमच्या परभणीकडे संगणकशास्त्राची मुलं परीक्षेआधी झेरॉक्सच्या दुकानातून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सिस्टीम कॉलचा (प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे जी कामं मागतो, त्यांच्या क्रमांकांचा) तक्ता घेतात आणि पाढ्यासारखा पाठ करतात. प्रयोगशाळेत शिकवताना हे बघून जीव तुटतो. तक्ता असतो जुन्या ३२ बिट इंटेल प्रोसेसरचा. त्यात ‘राइट’चा, म्हणजे लिहिण्याच्या कॉलचा, क्रमांक ४, आजच्या ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर तोच १ आणि ६४ बिट आर्म प्रोसेसरवर ६४. ६४ बिट प्रोग्रॅममध्ये ‘सिसकॉल’ या कॉल करणाऱ्या सूचनेआधी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागेत) ४ ठेवला, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ते ‘स्टॅट’ समजतो. लिहायला सांगितलं, आणि तो फाइलची माहिती काढायला निघतो!

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ‘ऑडिटडी’ (auditd) पॅकेज टाकलं की ‘ऑसिसकॉल’ (ausyscall) ही कमांड मिळते. नाव दिलं की क्रमांक, क्रमांक दिला की नाव. ‘डम्प’ (--dump) पर्याय दिला की सगळी यादी समोर. आधी प्रोसेसरचा प्रकार लिहिला तर दुसऱ्या मशीनचे क्रमांकही दिसतात. आर्मचं मशीन विकत घ्यायची गरज नाही. खेड्यातून येणाऱ्या पोरांसाठी ही मोठी सोय आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कळकळीची विनंती : नुसता क्रमांक विचारू नका. प्रोसेसर कोणता ते लिहा, आणि क्रमांक मशीनवर शोधायला लावा.

– एक संगणक शिक्षिका, परभणी