सुगी झालीय, आता थोडं स्वारातीकडे बघा

अंबाजोगाईकरांना, तसंच केज, धारूर, परळी, रेणापूर भागातल्या समद्या गावकरी मंडळींना रामराम.

स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘स्वाराती’त, पेशंटच्या सोबत आलेल्या माणसांना भाकरी पुरवणारं आमचं छोटंसं मंडळ. सुगी आटोपली की आम्ही दरवर्षी ज्वारी मागायला निघतो, तसे यंदाही निघालोय. पण यंदा मागणं जरा वाढलंय, म्हणून लिहून काढलं.

आधी एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. मेडिसिनच्या वॉर्डात एक धोतरवाले आजोबा होते. त्यांच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. सरांनी पोरांना छातीतला आवाज ऐकायला लावला. एकामागं एक, गार स्टेथोस्कोप उघड्या छातीवर. सहा-सात जणांनी ऐकलं. शेवटची मुलगी नुसती मान हलवून पुढं सरकायला लागली, तसं आजोबांनी तिला थांबवलं. “खरंच आलं का ऐकू, बाई? नसंल आलं तर पुन्यांदा ऐक. मी कुठं चाललोय!” तिनं पुन्हा ऐकलं, या वेळी डोळे मिटून. पुस्तकात त्या आवाजाचं वर्णन असतं, आवाज नसतो. तो तिला आजोबांनी दिला.

१९७४ साली हे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी होण्याआधी मास्तर होते, हिप्परग्याला आणि इथं अंबाजोगाईतसुद्धा. इमारत, पगार, औषधं ही सरकारची बाब आहे, ती आम्ही तुमच्याकडं मागत नाही. पण डॉक्टर घडायला जे लागतं त्यातलं काही कुठल्याच बजेटात बसत नाही.

त्यातलं पहिलं, देह. एमबीबीएसचं पोरगं पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहतं. शीर कुठून जाते, मज्जातंतू कुठं वळतो, हे तिथंच हाताला कळतं. १९४९ च्या शरीररचना कायद्यानं बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. पण ज्याला वारस नाही त्यानंच पोरांना शिकवायचं आणि आपण धडधाकट घरंदाज लोकांनी नुसतं बघायचं, हे आम्हाला बरं वाटत नाही.

देहदानाचा फॉर्म महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. भरायला वेळ लागत नाही. अडतं ते नंतर. म्हाताऱ्यानं हौसेनं फॉर्म भरलेला असतो, कागद ट्रंकेत पडलेला असतो, आणि गेल्यावर भावकी जमते, “अग्नी नाही दिला तर लोक काय म्हणतील?” शेवटी देह द्यायचा का नाही ते मागं राहिलेल्यांच्याच हातात असतं. म्हणून आमचं म्हणणं, फॉर्म भरण्याआधी लेकाशी, सुनेशी, लेकी-जावयांशी जेवताना एकदा मोकळं बोला. थोरल्या लेकाचं तोंड वाकडं होईल, होऊ द्या. आणि हेही माहीत असू द्या, की अपघात, आत्महत्या किंवा पोस्टमार्टेम झालेला देह शिकवण्यासाठी घेत नाहीत, काही संसर्गजन्य आजारांतही घेत नाहीत. डोळे दिले असले तरी देह देता येतो. डोळे मात्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर डोळे मिटून वर ओला कापूस ठेवायचा, उशाला उशी द्यायची, डोक्यावरचा पंखा बंद करायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

दुसरं, रक्त. इथं थोडं भांडायचंय. शिवजयंती आली, पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की गावोगाव एकाच दिवशी शिबिरं लागतात. बॅनर, फोटो, सगळं झकास. पण रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, उन्हाचा कहर, सगळी माणसं लग्नात. शिबिर घेतो कोण? त्याच दिवसांत पट्टीवरून परतलेल्या ऊसतोड बाया बाळंतपणाला येतात, कितीदा अंगात रक्तच नसतं. तेव्हा मंडळांना हात जोडून विनंती, जयंतीचा मान जयंतीला ठेवा, शिबिर तेवढं मे-जूनमध्ये घ्या. आणि सगळ्यांनी एकाच दिवशी नको, आठवड्याला एक गाव. वय १८ च्या पुढं, वजन ४५ किलोच्या वर आणि अंगात हिमोग्लोबिन पुरेसं असलं की रक्त देता येतं. गड्यांना तीन महिन्यांनी, बायांना चार महिन्यांनी पुन्हा. गावाचं नाव आमच्याकडं नोंदवा, रक्तपेढीशी बोलून तारीख आम्ही ठरवू.

तिसरं आमचं जुनंच, भाकरी. पेशंटला दवाखान्यात जेवण मिळतं, सोबतच्या माणसाला नाही. ते दोन दिवस चहा-बिस्किटावर काढतात, तिसऱ्या दिवशी जवळचे पैसे संपतात, मग “घरी नेतो” म्हणून पेशंटला अर्ध्या उपचारावर उठवतात. डॉक्टर समजावतात, सिस्टर रागावतात. पण घरी नेण्यामागं कितीदा निव्वळ भूक असते, हे भाकरी वाढता वाढताच आम्हाला समजलं.

घरटी एक पायली ज्वारी द्या. एवढं नसंल तर अधोली. ज्यांना दाणा जमत नाही त्यांनी महिन्यातली एक सकाळ द्या, भाकऱ्या थापायला हात कमी पडतात. भाकरी थापता येणाऱ्या गड्यांचंही स्वागत आहे, सध्या आमच्यात असे दोघंच आहेत आणि त्यातल्या एकाची भाकरी मधीच फुटते. रोख पैसे देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय देऊ नका. आमच्या नावानं कुणी दारात येऊन पैसे मागितले तर हाकलून द्या, आम्ही दारोदार फक्त ज्वारी मागतो.

दर रविवारी सकाळी आम्ही दवाखान्याच्या मोठ्या गेटापाशी चहाच्या टपरीशेजारी बसलेलो असतो. देहदानाचे फॉर्म, शिबिरांची वही आणि वजनकाटा तिथंच. ज्वारी आणताना पोत्याचं तोंड शिवून आणा, यंदा उंदीर फार झालेत.