ओट्याखालचे सिंक: एका मिस्त्रींना आभारपत्र

मा. मिस्त्री यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठे लिहू नये असे आपण बजावले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही. परंतु आमच्या स्वयंपाकघरात आपण तीन दिवस जे काम केलेत त्याचे आभार उघडपणे मानावेत असे वाटते, कारण ग्रॅनाइटच्या ओट्याला खालून सिंक बसवून घेणाऱ्या इतर कुटुंबांनाही त्यातील काही उपयोगी पडेल.

ओटा पुसताना पाणी आणि खरकटे सरळ आत लोटता यावे, मध्ये स्टीलची कड आडवी येऊ नये, एवढ्याच हौसेने आम्ही हे सिंक निवडले होते. आठ महिन्यांतच एका सकाळी, आत कुकर आणि परात भिजत असताना, त्याची पुढची कड दगडापासून बोटभर खाली उतरली आणि भांड्यांचे कपाट पाण्याने भरले. आधीच्या कारागिराने ते केवळ सांधे बुजवायच्या सिलिकॉनवर टांगले होते. आपण येताच ओट्याखाली आडवे होऊन लोंबणारी सिलिकॉनची पट्टी सोलून काढलीत आणि तिच्या पाठीवरचा राखाडी थर मला दाखवलात. ग्रॅनाइट कापतानाची भुकटी न पुसताच सिलिकॉन लावल्यामुळे ते दगडाला चिकटलेच नव्हते, धुळीला चिकटले होते.

त्यानंतर आपण मला जो हिशेब करायला लावलात तो मी आजही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतो. चोवीस बाय अठरा इंची, नऊ इंच खोल सिंक काठोकाठ भरले तर त्यात सुमारे 60 लिटर, म्हणजे 60 किलो पाणी मावते. भांडी आणि सिंकचे स्वतःचे वजन वेगळेच. सिलिकॉनने पाणी अडवावे, हा भार पेलायला दुसरे काहीतरी हवे, असे आपले म्हणणे होते. त्याप्रमाणे आपण दोन्ही बाजूंच्या उभ्या कडप्प्यांवर टेकतील असे स्टेनलेस स्टीलचे दोन अँगल सिंकच्या कडेखालून आडवे घातलेत आणि स्टीलवर स्टील घासू नये म्हणून मध्ये रबराची पट्टी ठेवलीत. सिंकची कड खालून धरणाऱ्या क्लिपांसाठी ग्रॅनाइटला भोके पाडण्यास मात्र आपण ठाम नकार दिलात. जेमतेम 18 मिलिमीटर जाडीच्या लादीत ड्रिल थोडे जरी जास्त गेले तरी वरचे पॉलिश फुटते, म्हणून खालची बाजू एमरी पेपरने खरबरीत करून क्लिपा एपॉक्सी या कडक गोंदाने चिकटवल्यात.

आपण सर्वांत जास्त वेळ घालवलात तो मात्र चिकटवण्याआधीच्या सफाईत, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटला होता. ब्लेडने जुने सिलिकॉन खरवडणे, दगड धुणे, रात्रभर पंखा लावून सुकवणे, दुसऱ्या दिवशी दगड आणि सिंकची कड दोन्ही ॲसिटोनने पुसणे, आणि पुसल्यानंतर तेथे कोणालाही बोट लावू न देणे, एवढे सगळे झाल्यावरच आपण सिलिकॉनची नळी हातात घेतलीत. आम्ही आणून ठेवलेल्या नळीला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता म्हणून ती आपण बाजूला ठेवलीत. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने त्याला आम्ल सोसत नाही, तेव्हा न्यूट्रल सिलिकॉनच आणा, असे सांगून मला पुन्हा दुकानात पिटाळलेत. नंतर कडेवर सगळीकडे सलग, कोठेही न तुटणारी धार सोडून, खालून लाकडी टेकू आणि पाचरी देऊन सिंक हळूहळू वर नेलेत. मी आणखी जोरात दाबायला सांगितले, तेव्हा सगळे सिलिकॉन बाहेर आले तर सांध्यात उरणार काय, असे आपण विचारलेत.

टेकू दोन दिवस हलवू दिले नाहीत आणि तोपर्यंत आम्ही न्हाणीघरात भांडी घासली. तिसऱ्या दिवशी सिंक काठोकाठ भरून खाली वर्तमानपत्र पसरलेत, तासाभराने कागद कोरडा निघाला, मग एकदम बोळा काढून पाण्याचा लोंढा सोडलात, तरीही तो कोरडाच राहिला.

सिंकच्या पुढची ग्रॅनाइटची पट्टी जेमतेम अडीच इंच रुंद आहे आणि भेग पडलीच तर कापाच्या कोपऱ्यातून तेथेच पडेल, हा आपला इशारा घरात सर्वांनी मनावर घेतला आहे. दिवाळीच्या सफाईला ओट्यावर चढून माळा झाडणाऱ्या माझ्या आईने यंदा प्रथमच शिडी वापरली.

आपण सांगितल्याप्रमाणे वर्षभराने, गेल्या रविवारी, मी बॅटरी घेऊन ओट्याखाली शिरलो. अँगल जागचे हललेले नाहीत, क्लिपा घट्ट आहेत, कपाट कोरडे आहे. फक्त नळाच्या बाजूला, जेथे पाणी सतत साचते, तेथे सिलिकॉनवर वीतभर काळे ठिपके आले आहेत. ती बुरशी असावी असा माझा अंदाज आहे आणि आपली परवानगी मिळेपर्यंत मी तेथे ब्लेड लावलेले नाही. आपला एक टेकू आणि दोन पाचरीही येथेच राहिल्या आहेत. त्या न्यायला याल तेव्हा तेवढे पाहून जावे, आणि या खेपेला मजुरी घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक कृतज्ञ गृहस्थ