"मासे?"

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "घरी काही पाळलंय का?" मी "नाही" म्हणून मोकळी झाले. कुत्रं नाही, मांजर नाही. इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत जागा कुठली? तुम्ही छोटीचं बोट उलटंसुलटं करून बघितलंत आणि परत विचारलंत, "मासे?"

मासे होते की! टीव्हीशेजारी दोन फुटी टाकी. दर रविवारी बाही वर सारून त्यात हात घालणारी छोटीच.

तोवर चार महिने गेले होते. सायकलवरून पडून बोट खरचटलं, तिथे पुळी आली, मग जांभळट गाठ. एकांनी चामखीळ म्हणून जाळली, दुसऱ्यांनी मलमं बदलली. गाठी मात्र मण्यांसारख्या एकामागोमाग मनगटाकडे चढत होत्या. कुणीतरी "कातडीचा टीबी" म्हणालं, तेव्हा सासूबाईंनी काळारामाला नवस बोलला. मीही बोलले, खोटं कशाला सांगू?

तुम्ही म्हणालात, हा टीबीच्या जंतूचाच चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम मरिनम. माशांत आणि टाकीच्या पाण्यात असतो, खरचटलेल्या जागेतून आत शिरतो, पण माणसाकडून माणसाला होत नाही. हे शेवटचं ऐकलं आणि धाकट्याला मामाकडे पाठवायचा बेत मी तिथेच रद्द केला. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा सापडला, ही गोष्ट छोटीने वर्गात सगळ्यांना ऐकवली आहे.

खरे आभार मात्र त्या लाल पेनाचे. बायोप्सीच्या फॉर्मवर तुम्ही "३० अंशांवर वाढवा" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात, शिवाय आमच्यासमोर लॅबला फोन केलात. या जंतूला थंडावा लागतो. नेहमीच्या ३७ अंशांवर तो नीट वाढत नाही. तो फोन झाला नसता तर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, कोरं येऊन आम्ही पुन्हा मलमांवर आलो असतो.

क्लॅरिथ्रोमायसिनचं ते कडूजहर औषध गाठी बसल्यावरही तुम्ही थांबवू दिलं नाहीत. छोटीने रोज तुमच्या नावाने बोटं मोडली, तेवढी माफ करा.

आता बोटावर पुसट डाग उरलाय. टाकी आहे तिथेच आहे. पाणी तिचे बाबा बदलतात, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून, कुरकुरत.

आपली,
छोटीची आई