दादांचा सा आणि तुझा खोकला

लश्कर, ग्वाल्हेर
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

कॉम्प्युटरवर गाणं तडतडतं म्हणून तू नवे स्पीकर घ्यायला निघालायस, असं पत्रात लिहिलंयस. अजून घेतले नसशील तर जरा दम धर. मी याच गाढवपणात पंधरा दिवस घालवले, वर एक धडधाकट टेपडेक उगाच खोलून बसलो.

दादांची ती कॅसेट तुला आठवत असेल. १९८६ चा गणपती, आमची माडी, भूप राग, सोळा मात्रांच्या तिलवाडा तालातला विलंबित ख्याल. तू तबल्याच्या मागे भिंतीला टेकून बसला होतास. फीत आता जुनी झाली म्हणून ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. भाच्याने ऑडॅसिटी हा आवाज भरण्याचा प्रोग्राम टाकून दिला, डेकपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर जोडली आणि पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू भरली. संध्याकाळी मोठ्या थाटात काकांना ऐकायला बसवलं. ते आता ८४ चे आहेत. थंडीमुळे या वर्षी तानसेन समारोहालाही जाणार नाहीत, कान मात्र शाबूत. दोन मिनिटं ऐकलं, काही न बोलता पेटी पुढे ओढली आणि काळी एकची पट्टी दाबून धरली.

"दादा इथे गायचा. हा कोण गातोय?"

खरंच, सा पांढरी एकच्याही खाली उतरला होता आणि खालच्या पांढरी सातवरही बसत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत होता. वर मधूनमधून तडतड, चण्याच्या भट्टीसारखी.

मी ठरवून टाकलं, डेकमधला फीत फिरवणारा पट्टा सैल झालाय. बाड्याजवळून नवा आणला, बसवला, पुन्हा सगळी बाजू भरली. सा जिथे होता तिथेच. शेवटी काकाच म्हणाले, "अरे, यंत्रालाच हेडफोन लावून ऐक की." लावला. दादा काळी एकमध्ये खणखणीत! म्हणजे डेक बिचारा निर्दोष, पट्ट्याचे पैसे पाण्यात.

मग घड्याळ घेऊन बसलो. तानपुरा सुरू झाल्यापासून बरोबर दहा मिनिटांनी कोणीतरी जोरात खोकतं. (तूच तो. काकांनी लगेच ओळखलं.) कॉम्प्युटरवर तोच खोकला १० मिनिटं ५३ सेकंदांनी येत होता. ६५३ भागिले ६००, १.०८८. आकडा भाच्याला दाखवला, तर त्याचा चेहरा पडला. ४८,००० भागिले ४४,१००, तेही १.०८८!

झालं होतं असं. कॉम्प्युटरने आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतले होते. सीडीला ४४,१०० लागतात हे भाच्याला ठाऊक, म्हणून त्याने ट्रॅकच्या मेनूत जाऊन रेटचा आकडा बदलला. त्याने नमुने कमी होत नाहीत. आहेत तेच नमुने सावकाश वाजतात. लय मंदावते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीइतका, खाली येतो. रेट परत ४८,००० केला आणि मग 'रीसॅम्पल', म्हणजे नमुने नव्याने काढण्याची सोय, वापरून ४४,१०० वर आणला. दादा जागेवर आले.

आता तडतड, म्हणजे तुझं दुखणं. आधी एकच तुकडा तीनदा वाजव आणि तड कोणत्या सेकंदाला होते ते कागदावर लिही. दर वेळी त्याच जागी होत असेल तर दोष फाइलमध्येच आहे, स्पीकर बदलून काही होणार नाही. दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर वाजवतानाची गडबड. जॅक बोटाने हलकेच फिरवून बघ. तेवढ्याने आवाज खरखरला तर नुसती सॉकेटची घाण. हेडफोनवरही तडतडत असेल तर स्पीकर सुटले.

माझी तड जागा बदलत होती. हे आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. कॉम्प्युटर आवाज थेंबथेंब देत नाही, छोट्या टाकीत भरून ठेवतो. ५१२ नमुन्यांची टाकी ४४,१०० च्या वेगाने साडेअकरा मिलिसेकंदांत रिकामी होते. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने (जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने) प्रोसेसर अडवून धरला की नळ कोरडा, आणि कानाला ऐकू येते ती तड. लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम असा अडवणारा कोण ते दाखवतो. माझ्याकडे निघाला वाय-फायचा डोंगल. उपटून बाजूला ठेवला, तडतड बंद. नंतर त्याचा नवा ड्रायव्हर टाकला, बफर, म्हणजे तीच टाकी, थोडा वाढवला, तेव्हापासून डोंगल लावूनही ठीक आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेव. वाजवताना तड झाली तर पुन्हा वाजवता येतं. भरताना झाली तर मधला तुकडा गेलाच. पहिल्या भरणीत एका आवर्तनात तिलवाड्याची एक मात्रा गिळली गेली होती आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, लवकर आली. मला पत्ता नाही, काकांचा हात मांडीवर चुकला तेव्हा कळलं. म्हणून वाय-फाय बंद करून, बाकी सगळं मिटवून, तिसऱ्यांदा भरलं. तुझ्या आईच्या ओव्यांची कॅसेट उतरवशील तेव्हा पहिल्यापासूनच असं कर.

वहिनी पुढच्या आठवड्यात पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर पेनड्राइव्ह पाठवतोय. खोकला काढून टाकता येतो म्हणे, भाचा माउस घेऊन तयारच होता. काकांनी त्याच्या हातावर चापट मारली.

तुझा,
श्री