खेळाचे नाव नको, डोक्याला बसणारे मार मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोथरूड-बाणेरपासून हडपसरपर्यंत बॉक्सिंग, ज्युडो, कराटे, तायक्वांदोच्या वर्गांचे फलक लागतात आणि पालक विचारू लागतात, हे खेळ क्रिकेट-फुटबॉलपेक्षा धोक्याचे आहेत का? वर्ग चालवणारे म्हणतात, 'क्रिकेटमध्येही लागतंच की.' घरातली मोठी माणसे म्हणतात, 'मारामारीचे खेळ नकोत.' दोघेही खेळाच्या नावावर निकाल देतात. मुलाच्या डोक्याला आठवड्यात किती वेळा मार बसणार, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते सुरुवात तिथून व्हावी.

दुखापतींचे आकडे उपलब्ध आहेत. रिओ 2016 ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्स सायकल शर्यतीतले 38 टक्के खेळाडू जखमी झाले, बॉक्सिंगमधले 30 टक्के, माउंटन बाइक आणि तायक्वांदोमधले प्रत्येकी 24 टक्के. टोकियोत बॉक्सिंग आणि बीएमएक्स शर्यत दोन्ही 27 टक्क्यांवर होते. म्हणजे ठोसे-लाथांचे खेळ वरच्या रांगेत आहेत, पण तिथे एकटे नाहीत. मात्र या तक्त्यात मुरगळलेला घोटाही एक आणि डोक्याला बसलेला मारही एकच धरला जातो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया होते आणि नऊ-दहा महिन्यांनी खेळाडू मैदानावर येतो. मेंदूला तशी शस्त्रक्रिया नाही.

क्रिकेटला निर्धोक म्हणणाऱ्यांनी भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा यांना आठवावे. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात ते हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, क्षेत्ररक्षणाला उभे होते, चेंडू डोक्यावर बसला आणि तीन दिवसांनी ते गेले. नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूजच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली चेंडू लागला आणि तो दगावला. त्यानंतर हेल्मेटला मान झाकणारा भाग आला आणि 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येऊ लागला. तरीही पुण्यातल्या कितीतरी नेटमध्ये लेदर चेंडूवर यष्टिरक्षण करणारी मुले आजही उघड्या डोक्याने उभी असतात.

पण फरक लपवू नये. क्रिकेटमध्ये चेंडू डोक्याला लागला तर तो अपघात असतो, खेळ थांबतो. बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशाला गुण मिळतो. म्हणून बॉक्सिंगला कुस्तीच्या किंवा ज्युडोच्या पंगतीत बसवणे चूक आहे, आणि हे आम्ही बॉक्सिंगवर प्रेम असूनच लिहितो आहोत.

हेडगार्ड (डोक्यावर घालायचे फोमचे कवच) घातले की मूल सुरक्षित, हा समज सर्वांत घातक. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो, टक्कर बसली तर कातडे शाबूत राहते. मेंदूला इजा होते ती मुख्यतः डोके झटक्यात फिरल्यामुळे. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की कवटी वळते, मेंदू मागे राहतो आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. फोमचा पट्टा हे वळणे थांबवू शकत नाही. उलट डोके मोठे झाल्याने चुकणारे ठोसेही लागतात. 2013 पासून आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्ड काढले गेले. लहान मुलांना ते असावेच, पण त्याच्या भरवशावर जोराचे स्पारिंग (जोडीतला लढतीचा सराव) नको.

चांगल्या वर्गात नवे मूल पहिले तीन-चार महिने फक्त पायांची हालचाल, ठोशांची पिशवी, पॅड आणि आरशासमोरचा सराव करते. पुढे जोडीत उभे केले तरी आधी फक्त छाती-पोटावर हलके ठोसे. डोक्यावर ठोसे असलेले स्पारिंग आठवड्यातून जास्तीत जास्त एकदा, 16 औंसांचे जाड ग्लोव्ह (लहान चणीच्या मुलांना 14), दीड-दोन मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या आणि जोडीत वजनाचा व अनुभवाचा फार फरक नाही. स्पर्धेतले 10 औंसांचे ग्लोव्ह सरावात वापरले जात असतील तर पालकांनी त्याच दिवशी मुलाला घरी आणावे. एका स्पर्धेत मूल तीनदा लढते. ढिसाळ वर्गात ते वर्षभर दर आठवड्याला मार खाते, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

आता पाडण्याचे खेळ. जपानमध्ये 1983 पासूनच्या तीन दशकांहून कमी काळात शाळांमधल्या ज्युडोत शंभराहून अधिक मुलांचा जीव गेला. त्यांत नवशिकी मुले फार होती. पाय मागून अडवून समोरच्याला सरळ मागे पाडणारा ओसोतो-गारी हा डाव, पाठीवर पडताना मागे आदळणारे डोके आणि मेंदूवर साचलेले रक्त, असा घटनाक्रम वारंवार दिसला. कारण शिकवण्यात होते. हनुवटी छातीला टेकवून, हात जमिनीवर आपटून पडायचे कसे, हे अंगवळणी पडण्याआधीच मुलांना मोठ्यांकडून पाडले जात होते. पडणे शिकायला किमान दोन महिने द्यावेत, आधी बसून, मग उकिडवे, मग उभे राहून.

पुण्यात याहून साधी अडचण आहे ती जमिनीची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर 20 मिलिमीटरच्या जोडाच्या फोम मॅट टाकून मुलांना पाडले जाते. त्या मॅट लाथा-हालचालींपुरत्या ठीक. पाडण्यासाठी निदान 40 मिलिमीटरची घट्ट ज्युडो मॅट हवी आणि तुकडे एकमेकांपासून सरकता कामा नयेत, फटीत अंगठा अडकला की घोटा किंवा गुडघा गेलाच. आपल्या तालमींतली माती या बाबतीत जास्त विचारपूर्वक केलेली असते. चाळलेली तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, आणि रोज खणून भुसभुशीत करणे. ज्या तालमीत माती रोज खणली जात नाही, तिथे खांदा आणि गळपट्टीचे हाड मोडते.

कुस्तीत डोक्याचा धोका तुलनेने कमी, पण वजन आणि कातडी या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना गेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर तिथे हे प्रकार बंद केले गेले. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकचा सूट घालून पळणारी मुले दिसतात, ती हाच प्रकार करत असतात. वाढत्या वयातल्या मुलाने पाणी तोडून वजन उतरवू नये, वरच्या गटात खेळावे. जत्रेतल्या कुस्तीत वजनकाटा नसल्याने हा त्रास नाही, पण जोड नजरेने लावली जाते, म्हणून तिथे पंचांनी वजनातला फरक पाहावा.

गजकर्ण झालेल्या मुलाला औषध सुरू होऊन किमान 72 तास होईपर्यंत मॅटवर घेऊ नये, आणि दुकानातून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये. खाज थांबते आणि बुरशी पसरते. मॅट रोज पुसावी, लिटरभर पाण्यात चार चहाचे चमचे घरगुती ब्लीच, दहा मिनिटे ओली ठेवून मग वाळू द्यावी.

डोक्याला मार बसल्यावर मुलगा गोंधळलेला वाटला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तोल गेला, डोके दुखले, तर त्या दिवशीचा खेळ संपला. शुद्ध गेली नाही म्हणून काही झाले नाही असे समजू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, झोप अनावर होणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास 108 ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे. मान दुखत असेल तर उठवू नये, आणि मान झटकून 'मोकळी' करण्याचा प्रकार तर कधीच नको. पुढे एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, पळणे, एकट्याचा सराव, अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान 24 तास. अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबवली गेली तर किमान 30 दिवस स्पारिंगलाही बंदी असते. वर्गात हा नियम कोणी पाळत नाही, कारण तिथे पंच नसतो.

महापालिकेचे सभागृह किंवा शाळेचे मैदान अशा वर्गांना देताना भाड्याच्या करारातच अटी घालाव्यात. मॅटची जाडी तपासलेली असावी, प्रत्येक स्पारिंगची आणि डोक्याला बसलेल्या माराची तारखेसह नोंदवही असावी, प्रथमोपचार शिकलेला माणूस वर्ग संपेपर्यंत हजर असावा. ती वही पालकांना केव्हाही पाहायला मिळावी. यंदाचे उन्हाळी वर्ग सुरू होण्याआधी हे करता येण्यासारखे आहे.

आपले,
कुस्ती, ज्युडो व बॉक्सिंगचे काही प्रशिक्षक, पुणे